तोफेचा आरंभ गोळ्यापासून
मोठ्या व्यासाच्या स्वयंचलित तोफांची रचना : एक ओळख

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बाणकोटपासून पूर्णगडापर्यंत खाडीगणिक एक दुर्ग उभा आहे. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग, दाभोळ खाडीच्या मुखावरील गोपाळगड, शास्त्री नदीच्या मुखाशी असलेला जयगड आणि खुद्द शहरालगतचा रत्नदुर्ग यांच्या बुरुजांवर एके काळी तोफा सज्ज असत. आज त्याच समुद्रात भारतीय नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजे गस्त घालतात व त्यांच्यावरही तोफा असतात. मात्र बुरुजावरील तोफ आणि आजच्या जहाजावरील तोफ यांच्यात नावाखेरीज फारसे साम्य उरलेले नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. जुन्या गोलंदाजापुढे जे प्रश्न होते, तेच आजच्या शस्त्र-रचनाकारापुढेही आहेत. फरक इतकाच की, गोलंदाजाला ते सोडविण्यास काही मिनिटे मिळत, तर रचनाकाराच्या यंत्राला ते अर्ध्या सेकंदात सोडवावे लागतात.

हा रचनाकार विचार कसा करतो, हे समजून घेणे किनाऱ्यावरील शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरेल. त्यात शाळेत शिकविले जाणारे भौतिकशास्त्र प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसते. शिवाय, ज्या पाण्यात ही शस्त्रे वावरतात त्याच पाण्यात मिरकरवाडा, हर्णै आणि साखरीनाटे येथील मच्छीमारांचे संसारही चालतात.

बुरुजावरील तोफ

जुनी तोफ तोंडाकडून ठासली जाई. प्रथम ओला बोळा नळीत फिरवून मागील बाराची धुमसती ठिणगी विझवीत. मग दारूची पिशवी, त्यावर बोळा आणि त्यावर गोळा घालून तो ठासणीने घट्ट बसवीत. तोफेच्या कानात रंजक भरून बत्ती दिली की बार होई. धक्क्याने संपूर्ण तोफ गाड्यासकट मागे सरके. ती पुन्हा पुढे ओढून नव्याने नेम धरावा लागे.

या कृतीत पाच प्रश्न दडलेले आहेत : नळी साफ व थंड करणे, गोळा भरणे, मागील तोंड बंद ठेवणे, धक्का सोसणे आणि नेम पुन्हा साधणे. सहावा प्रश्न दारूकोठाराच्या सुरक्षिततेचा. इसवी सन १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्गावर समुद्रातून मारा केला, तेव्हा गडावरील दारूकोठाराला आग लागून स्फोट झाला आणि गडाचा प्रतिकार ढासळला. तोफा शाबूत असूनही दारूगोळ्याची साठवण धोक्यात आली की सारेच धोक्यात येते, हा धडा आजही जहाजाची रचना करणाऱ्यास विसरता येत नाही.

स्वयंचलनाचा उदय

बाराच्या वेळी मागे बसणारा धक्का हा तोपर्यंत केवळ उपद्रव मानला जाई. हायरम मॅक्सिम याने १८८४ च्या सुमारास त्यालाच कामाला जुंपले. धक्क्याने मागे सरकणारी नळी जाता जाता मागील तोंड उघडील, रिकामे काडतूस बाहेर टाकील व नवे आत घेईल, अशी योजना त्याने केली. हीच योजना पुढे ३७ मिलिमीटर व्यासाच्या तोफेत आली. बोअर युद्धात (१८९९–१९०२) तिच्या आवाजावरून तिला 'पॉम-पॉम' हे नाव पडले. या ३७ मिलिमीटरचे मूळ मोठे उद्बोधक आहे. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेनुसार ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे स्फोटक गोळे युद्धात वापरू नयेत असे अनेक राष्ट्रांनी मान्य केले होते. त्या मर्यादेच्या किंचित वर, म्हणजे सुमारे एक पौंड वजनाचा गोळा घेतला की नळीचा व्यास ३७ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे या शस्त्राचे माप ठरविताना गोळ्याचे वजन आधी निश्चित झाले आणि तोफ त्याच्यामागून आली.

रचनाकाराच्या विचारपद्धतीचे सूत्रही हेच होय. त्याचा पहिला प्रश्न 'तोफ किती वेगाने झाडावी' हा नसतो. समोरचे लक्ष्य कोणते, किती अंतरावर, किती वेगाने जाणारे आणि त्यास निष्प्रभ करण्यास गोळा केवढा हवा, हे तो प्रथम ठरवितो. गोळ्यावरून दारूचे प्रमाण, दारूवरून नळी, नळीवरून यंत्रणा आणि यंत्रणेवरून तिचे बैठे, असा त्याचा क्रम असतो. उलट दिशेने गेल्यास डौलदार परंतु निरुपयोगी शस्त्र निर्माण होण्याचा संभव असतो.

घनाचा नियम

वर्गात एक छोटासा प्रयोग करता येईल. एक सेंटिमीटर बाजूचे लाकडी ठोकळे घ्यावेत आणि त्यांपासून दोन सेंटिमीटर बाजूचा ठोकळा रचण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. दोन ठोकळे पुरत नाहीत, चारही पुरत नाहीत; आठ लागतात. तोफेच्या नळीचा व्यास वाढविताना नेमके हेच घडते.

३० मिलिमीटर तोफेचा गोळा सुमारे ३९० ग्रॅम वजनाचा असतो, तर ७६ मिलिमीटर नौदल तोफेचा सुमारे ६.३ किलोग्रॅमचा. व्यास अडीचपट झाला, पण वजन सोळा पटींवर गेले. दोन्ही गोळे नळीतून सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे त्यांच्या गतिज ऊर्जेतही जवळजवळ तेवढाच फरक पडतो. लहान गोळ्याची ऊर्जा सुमारे १ लाख ८० हजार जूल, तर मोठ्याची सुमारे २६ लाख जूल भरते.

ही वाढ सर्वत्र सारख्या प्रमाणात होत नाही, हे अधिक महत्त्वाचे. दारूपासून निर्माण होणारी उष्णता घनाच्या प्रमाणात वाढते, परंतु ती झेलणारा नळीचा आतील पृष्ठभाग केवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच लहान स्वयंचलित तोफेचा आराखडा घेऊन त्याची सर्व मापे दुप्पट केली म्हणजे मोठी तोफ तयार झाली, असे होत नाही. मोठ्या व्यासाच्या तोफेचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

इटलीतील ओटो मेलारा या कारखान्याने विकसित केलेली ७६ मिलिमीटर नौदल तोफ हे मोठ्या स्वयंचलित तोफेचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तिच्या 'सुपर रॅपिड' या प्रकारात मिनिटाला १२० बार होतात. म्हणजे एका बारास अर्धा सेकंद मिळतो. यापैकी गोळा ४.७ मीटर लांबीच्या नळीतून बाहेर पडण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भागच लागतो. उरलेल्या वेळात नळी मागे जाणे, ब्रीच म्हणजे मागील तोंड बंद करणारा ठोकळा उघडणे, रिकामे काडतूस बाहेर पडणे, नवे आत जाणे, ब्रीच बंद होणे आणि नळी जागेवर येणे ही सर्व कामे उरकावी लागतात.

येथे रचनाकारापुढे पहिला मोठा पेच उभा राहतो. गोळ्याचा संवेग शून्यावर आणण्यास लागणारे बल हे वेळेवर अवलंबून असते, हा न्यूटनच्या नियमाचा भाग होय. ६.३ किलोचा गोळा सेकंदाला ९१५ मीटर वेगाने सुटला, तर त्याच्या धक्क्याचे शमन शतांश सेकंदात करण्यासाठी बैठ्यावर सुमारे ५८ टनांचा भार येईल. तेच शमन दशांश सेकंदात केले, तर तो भार सहा टनांच्या आत राहील. दारूच्या वायूंमुळे पडणारी भर वेगळी. म्हणून नळीला मागे सरकण्यास पुरेसा अवसर देणे जहाजाच्या डेकच्या दृष्टीने हिताचे असते. परंतु नळी जितकी लांबवर मागे जाईल, तितका वेळ खर्च होऊन बारांचा वेग घटतो. तेलाचे दट्टे, दाबलेली हवा किंवा स्प्रिंगा आणि नळीच्या तोंडाशी वायूंना बाजूला वळविणारी छिद्रे यांच्या साहाय्याने या दोन टोकांमध्ये मार्ग काढावा लागतो.

दुसरा पेच गोळे भरण्याचा. ७६ मिलिमीटर तोफेचे संपूर्ण काडतूस बारा किलोहून अधिक वजनाचे असते. वीसएक सोललेल्या नारळांचा भार एका सेकंदात दोनदा उचलून, वळवून, अचूक जागी ठेवावयाचा, असे हे काम आहे. मशीनगनप्रमाणे कड्यांच्या पट्ट्याने एवढे वजन झटक्यात ओढू गेल्यास कड्या तुटण्याचा धोका असतो. म्हणून या तोफेत डेकखाली फिरते कोठार असते. त्यातून काडतुसे एका उच्चालकाने वर चढतात आणि वर-खाली होणारे दोन हात आळीपाळीने ती तोफेच्या मागे आणून ठेवतात. एक हात भरत असताना दुसरा वर येत असतो. घाई करण्याऐवजी कामाची विभागणी करून वेळ वाचविण्याची ही रीत होय.

स्वीडनमधील बोफोर्स कारखान्यात व्हिक्टर हामर आणि इमॅन्युएल यान्सन यांनी १९३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ४० मिलिमीटर तोफेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. काडतुसाला शेवटपर्यंत ढकलीत नेण्याऐवजी त्याला आरंभी गती देऊन नळीत फेकावयाचे, अशी ती युक्ती होती. चार-चार काडतुसांचे संच वरून हाताने भरले जात आणि मिनिटाला सुमारे १२० बार होत. १९८६ च्या करारामुळे आपल्याकडे गाजलेली १५५ मिलिमीटरची बोफोर्स तोफ ही हिच्याहून सर्वस्वी निराळी आहे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

उष्णतेचा शत्रू

बुरुजावरील गोलंदाज ओला बोळा फिरवी, कारण नळीत ठिणगी राहिल्यास नवी दारू अवेळी पेटे आणि ठासणाऱ्याचा हात जाई. आजच्या तोफेतही हा धोका संपलेला नाही. सतत माऱ्याने तापलेल्या नळीत काडतूस काही काळ पडून राहिले, तर केवळ उष्णतेने ते आपोआप उडू शकते. म्हणून पुष्कळशा स्वयंचलित तोफांत मारा थांबताच नळी रिकामी राहील अशी व्यवस्था असते. ७६ मिलिमीटर तोफेत नळीभोवती पाणी खेळविले जाते. ओल्या बोळ्याचे हे आधुनिक रूप म्हणावयास हरकत नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम नळीच्या झिजेवर होतो. तापलेल्या पोलादावरून दाबाखालील वायू वेगाने वाहू लागले की आतील पृष्ठभाग खरवडला जातो आणि गोळा ढिला बसू लागतो. त्यामुळे नेम बिघडतो. यावर नळीच्या आतून क्रोमियमचा मुलामा देणे, दारूचे ज्वलन-तापमान मर्यादित ठेवणे आणि मारा थोड्या-थोड्या बारांच्या तुकड्यांत करणे, असे उपाय योजले जातात. झिजलेली नळी लवकर बदलता येणे हाही चांगल्या रचनेचा एक गुण समजला जातो.

संख्या की सामर्थ्य?

जवळ येणाऱ्या विमानाचा किंवा क्षेपणास्त्राचा सामना करण्याविषयी रचनाकारांत दोन विचारप्रवाह आहेत. पहिल्या प्रवाहाचे उदाहरण म्हणजे रशियातील तुला येथील वासिली ग्र्याझेव्ह आणि अर्कादी शिपुनोव्ह यांच्या रचनेवर आधारलेली एके-६३० ही सहा नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ. नळ्या फिरत राहतात व बार वाटून घेतात, म्हणून मिनिटाला सुमारे ५,००० पर्यंत गोळे सुटू शकतात. परंतु या वेगाने २,००० गोळ्यांचा पट्टा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. म्हणून तिचा मारा क्षणभराच्या झडींतच करावा लागतो.

दुसरा प्रवाह थोड्या परंतु मोठ्या गोळ्यांचा. तीन किलोमीटरवरून जाणाऱ्या विमानापर्यंत गोळा पोहोचण्यास सुमारे चार सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात विमान एक किलोमीटर पुढे गेलेले असते. रडार आणि गणकयंत्र यांच्या साहाय्याने त्या पुढच्या जागेचा अंदाज बांधला जातो. तरीही प्रत्यक्ष आघात होणे कठीण असते. लक्ष्याजवळून जाताना आपोआप फुटणारा फ्यूज बसविण्यास मोठ्या गोळ्यात पुरेशी जागा मिळते, आणि मग अगदी नेमका आघात होण्याची गरज उरत नाही. मोठ्या व्यासाचे खरे समर्थन येथे आहे. गोळ्याच्या पोटात केवळ स्फोटक न भरता थोडी 'बुद्धी'ही भरता येते.

मे २०२५ मध्ये सीमेपलीकडून चालकविरहित लहान विमानांचे थवे आले, तेव्हा भारतीय सैन्याने त्यांच्याविरुद्ध ४० मिलिमीटर एल-७० तोफांचाही उपयोग केला. या तोफेचा मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. तिला नवे रडार व दृष्टियंत्रे जोडण्यात आली होती. स्वस्त लक्ष्यावर महागडे क्षेपणास्त्र खर्च करणे परवडत नाही. त्यामुळे कालबाह्य मानल्या गेलेल्या स्वयंचलित तोफेला पुन्हा महत्त्व आले आहे.

भारतातील निर्मिती

७६ मिलिमीटर सुपर रॅपिड तोफेची निर्मिती हरिद्वार येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि २०२१ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'विशाखापट्टणम' या विनाशिकेवर ही तोफ आणि एके-६३० अशा दोन्ही प्रकारच्या तोफा आहेत. तेलंगणातील मेदक येथील कारखान्यात 'सरथ' या चिलखती वाहनाच्या ३० मिलिमीटर तोफेवरून नौकांसाठी सीआरएन-९१ ही तोफ तयार करण्यात आली. तटरक्षक दलाच्या अनेक गस्ती जहाजांवर ती असते.

महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. तोफांच्या संशोधनाचे देशातील प्रमुख केंद्र, शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था, पुण्यात पाषाण येथे आहे. तेथेच आराखडा झालेली १५५ मिलिमीटरची 'अटॅग्ज' ही ओढतोफ स्वयंचलित तोफांच्या वर्गात मोडत नाही. तथापि तिची हालचाल व गोळे भरण्याची यंत्रणा विजेवर चालविण्यात आल्याने मोठ्या व्यासाच्या तोफांतही यंत्राचे साहाय्य किती पुढे गेले आहे, ते दिसून येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. देहू रोड, भुसावळ, वरणगाव, अंबरनाथ, अंबाझरी, भंडारा व चंद्रपूर येथेही शस्त्रनिर्मितीशी संबंधित कारखाने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुधनिर्माण्यांची सात सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली असून, दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

संयमाची यंत्रणा

सीआरएन-९१ तोफेच्या मूळ रचनेत दोन गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे दोन बाजूंनी दोन वेगळ्या प्रकारचे गोळे घेण्याची सोय आणि दुसरी म्हणजे माऱ्याचा वेग कमी-अधिक करण्याची सोय. रणभूमीवर या सोयी एका कारणासाठी उपयोगी पडतात, तर रत्नागिरीच्या समुद्रात दुसऱ्याच कारणासाठी.

१९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांसाठीची स्फोटके शेजारच्या रायगड जिल्ह्यातील शेखाडीसारख्या ठिकाणी उतरविण्यात आली. २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावून मुंबईजवळ पोहोचले. दोन्ही प्रसंगी समुद्रातील धोका मच्छीमारांच्या नौकांच्या गर्दीत मिसळून आला होता. मोसमात शेकडो नौका जाळी टाकून बसलेल्या असताना संशयित नौकेपुढे इशाऱ्याचा एकच गोळा अचूक टाकणे आणि तेथेच थांबणे, हे मिनिटाला पाच हजार गोळे झाडण्याइतकेच अवघड काम आहे. जहाज हेलकावत असताना नळी स्थिर राखणे, पहिलाच गोळा ठरल्या जागी पडणे आणि आज्ञा होताच मारा क्षणार्धात थांबणे, या कसोट्यांवर उतरणारी तोफच किनाऱ्याच्या कामाची. तिच्या चुकीची किंमत शत्रू देत नाही, निरपराध खलाशी देतो.

यंत्राची मर्यादाही येथेच दिसून येते. रडारच्या पडद्यावर दिसणारा ठिपका मिरकरवाड्याच्या नौकेचा की परक्या नौकेचा, हे तोफ सांगू शकत नाही. ते सांगणारी यंत्रणा किनाऱ्यावर उभी करावी लागते. नौकांची नोंदणी अद्ययावत ठेवणे, खलाशांजवळ ओळखपत्रे असणे, अनोळखी नौका अथवा वस्तू दिसताच सागरी पोलिसांना कळविणे, या गोष्टी ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्था करू शकतात. गोळीबाराच्या सरावापूर्वी समुद्रातील विशिष्ट क्षेत्र टाळण्याविषयी सूचना प्रसृत होतात. त्या प्रत्येक तांडेलापर्यंत वेळेवर पोहोचल्या पाहिजेत. जाळ्यात किंवा वाळूत गोळ्यासारखी धातूची वस्तू आढळल्यास तिला हात न लावता, भंगार म्हणून न विकता, पोलिसांना कळवावे, हे शाळेतूनही मुलांच्या मनावर बिंबविणे आवश्यक आहे.

जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्गाचा समावेश मराठ्यांच्या लष्करी दुर्गांसह जागतिक वारसा यादीत झाला. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जावे, गडावरील तोफा दाखवाव्यात आणि ठासणी, ओला बोळा, रंजक व बत्ती यांची ओळख करून द्यावी. मग समोर क्षितिजावरून जाणाऱ्या गस्ती जहाजाकडे बोट दाखवून सांगावे की, तेथील तोफेतही हीच कामे चालू आहेत, फक्त ती अर्ध्या सेकंदात उरकतात. गडावरील गोलंदाजाला बत्ती देण्यापूर्वी समोरचे गलबत आपले की परके हे ओळखावे लागे. ते काम आजही माणसाकडेच आहे, आणि ते करण्यासाठी लागणारी माहिती किनाऱ्यावरील गावांकडूनच येते.